जायबंदी समुद्री कासवांची शुश्रूषा

आषाढातील उधाणाने रात्रभर किनारा झोडपून काढलेला असतो. सकाळी पाऊस जरा थांबतो आणि किनाऱ्यावर गेलेल्या मंडळींना भरतीरेषेवर, वाहून आलेल्या ओंडक्यांत आणि शेवाळात, एक मोठे कासव पडलेले दिसते. वार्ता गावात पसरते. देवळाच्या सभामंडपातील कासवाला नमस्कार करून मगच गाभाऱ्याकडे जाणारा आपला समाज. त्यामुळे कोणी हळदकुंकू वाहते, कोणी फूल ठेवते. मग चार तरुण पुढे होतात, कासवाला उचलून कमरेएवढ्या पाण्यात नेतात आणि समुद्राच्या स्वाधीन करतात. आपल्या हातून एक पुण्यकर्म घडले, या समाधानाने सर्वजण घरी परततात. दुसऱ्या दिवशी तेच कासव थोड्या अंतरावर वाळूत मृत होऊन पडलेले आढळते.

किनाऱ्यावरील गावांना असा प्रसंग अपरिचित नाही. त्यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. उणीव असते ती माहितीची. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेले मोठे कासव जखमी, आजारी आणि बहुधा अनेक आठवड्यांचे उपाशी असते. पोहण्याचे त्राण संपल्यामुळेच लाटांनी त्याला वाळूवर आणून टाकलेले असते. समुद्री कासवाला माशांप्रमाणे कल्ले नसतात. ते फुप्फुसांनी श्वास घेते आणि त्यासाठी त्याला वारंवार पाण्याबाहेर डोके काढावे लागते. तेवढी शक्ती ज्याच्या अंगी उरलेली नाही, ते कासव पाण्यात लोटल्यास बुडून मरते. निरोगी कासवाचे घर समुद्र आहे हे खरे. परंतु आजारी कासवाला काही काळ जमिनीवरील शुश्रूषेची गरज असते. ही शुश्रूषा कोणत्या क्रमाने करावी आणि तीत गावाचा वाटा कोणता, याची माहिती किनारपट्टीतील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे.

आपल्या किनाऱ्यावरील कासवे

जगात समुद्री कासवांच्या सात जाती आहेत. त्यांपैकी ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि लेदरबॅक या पाच जाती भारतीय समुद्रात आढळतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नियमितपणे अंडी घालणारी जात म्हणजे ऑलिव्ह रिडले. पूर्ण वाढलेल्या कासवाचे कवच साधारणतः ६० ते ७० सेंटिमीटर लांब आणि वजन ३५ ते ५० किलोग्रॅम असते. नोव्हेंबर ते मार्च या काळात माद्या रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून सुमारे १०० अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर पडतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या सहकार्याने घरट्यांच्या संरक्षणाचे कार्य सुरू केले आणि त्याचे अनुकरण पुढे किनाऱ्यावरील अनेक गावांनी केले. जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथे एका मादीच्या कवचावर उपग्रहाद्वारे मागोवा घेणारे यंत्र बसविण्यात आले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील हा पहिलाच प्रयोग होता. तिचे नाव ‘प्रथमा’ असे ठेवण्यात आले.

अंडी आणि पिले यांविषयी गावोगावी अशी जागृती झाली असली, तरी जखमी प्रौढ कासवाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक प्रौढ कासवाचे मोल फार मोठे आहे. समुद्रात गेलेल्या हजार पिलांतून एखादेच प्रौढावस्थेला पोहोचते, असे मानले जाते आणि त्यालाही दहाहून अधिक वर्षे लागतात. अशी एक मादी वाचविणे म्हणजे तिची पुढील अनेक वर्षांची घरटी वाचविणे होय.

दुखापत कशाने होते?

समुद्रात सोडून दिलेली किंवा वादळात तुटून गेलेली नायलॉनची जाळी हे कासवांच्या दुखापतीचे एक प्रमुख कारण आहे. सुती जाळे काही काळाने कुजते. नायलॉन वर्षानुवर्षे टिकते. अशा तरंगत्या जाळ्यात कासवाचा पुढचा पाय अडकला की सुटण्याच्या धडपडीत दोरा मांसात रुतत जातो, रक्तपुरवठा बंद होतो आणि पाय सडू लागतो. समुद्री कासवाचे पुढचे पाय वल्ह्यांसारखे असतात आणि पोहण्याचा मुख्य भार त्यांच्यावरच असतो. एक पाय निकामी झाला, त्यात जाळ्याचे ओझेही अंगावर राहिले, की त्याला भक्ष्य मिळविता येत नाही. याशिवाय नौकेच्या पंख्याचा तडाखा, मासेमारीचा गळ गिळला जाणे आणि पोटात प्लॅस्टिक जाणे ही कारणेही आढळून येतात.

उपासमार झालेले कासव प्रथम अंगातील चरबी खर्च करते आणि ती संपली की स्नायू झिजू लागतात. दुबळे कासव संथपणे तरंगत राहते, त्यामुळे त्याच्या कवचावर शेवाळ आणि बार्नेकल नावाचे कवचधारी जीव वाढतात. पुढे नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले आणि समुद्र खवळला, की प्रवाहाशी झुंजण्याची शक्ती नसलेली ही कासवे किनाऱ्याला लागतात. म्हणूनच जून ते सप्टेंबर या काळात किनारपट्टीने विशेष सावध राहणे आवश्यक आहे.

निरोगी कोणते, आजारी कोणते?

किनाऱ्यावर दिसणारे प्रत्येक कासव उपचारांसाठी उचलावयाचे नाही. हिवाळ्यात रात्री भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा खणणारी मादी निरोगी असते. तिच्यापासून दूर, शांतपणे, उजेड न पाडता उभे राहावे. साधारणतः तासाभरात ती आपणहून परत जाते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसते, ते दुःखाचे अश्रू नव्हेत. शरीरातील जादा मीठ बाहेर टाकण्याची ती नैसर्गिक व्यवस्था आहे. घरट्यातून निघालेल्या पिलांनाही समुद्राकडेच जाऊ द्यावे.

याउलट दिवसा ओल्या वाळूवर निश्चल पडलेले, विशेषतः पावसाळ्यात आढळलेले मोठे कासव आजारी समजावे. डोळे खोल गेलेले, मानेची कातडी सैल पडलेली, डोक्यामागील व खांद्याजवळील मांस झडून हाडे वर आलेली आणि पोटाकडील कवच आत खचलेले, ही उपासमारीची ठळक लक्षणे होत. अंगावर दाट शेवाळ व बार्नेकल असल्यास दुखणे बरेच जुने आहे असे मानावे.

पहिले काही तास

असे कासव आढळताच प्रथम वन विभागाला कळवावे. राज्याच्या वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ हा मदत क्रमांक १९२६ आहे. मदत येईपर्यंत पुढील दक्षता घ्यावी.

कासवाला लाटांच्या पट्ट्यातून उचलून सुरूच्या बनात किंवा छपराखाली, सावलीच्या व वाऱ्याच्या जागी न्यावे. उचलताना कवचाच्या दोन्ही बाजूंच्या कडा धराव्यात. पाय धरून ओढू नये. वजन अधिक असल्यास रुंद फळीचा उपयोग करावा. ते नेहमी पोटावरच ठेवावे. उताणे केल्यास आतड्यांचा भार फुप्फुसांवर येऊन श्वास कोंडतो. कासव इकडेतिकडे सरकत असेल, तर जुन्या टायरवर ओले गोणपाट घालून त्यावर ते ठेवावे. पोटाला मऊ आधार मिळतो आणि हालचालही आवरली जाते.

कवचावर व पायांवर ओले स्वच्छ फडके टाकावे. नाकपुड्या मात्र उघड्या ठेवाव्यात. पाण्याच्या टाकीत किंवा हौदात ठेवण्याचा मोह टाळावा. समुद्रात बुडणारे दुबळे कासव हौदातही बुडू शकते. तोंडात पाणी ओतू नये, मासळी कोंबू नये. जखमेवर हळद, चुना, रॉकेल किंवा तेल लावू नये. अंगाभोवती जाळे असेल तर त्याचा सैल भाग कात्रीने कापावा. मांसात रुतलेला दोरा मात्र पशुवैद्यकासाठी तसाच ठेवावा. तोंडातून किंवा शेपटीकडून बाहेर आलेला गळाचा दोरा कधीही ओढू नये, कारण त्याने आतडे कापले जाण्याचा धोका असतो. दोऱ्याचे टोक लांब ठेवून चिकटपट्टीने कवचावर चिकटवावे.

गर्दी, गोंगाट आणि कुत्री यांपासून कासवाला दूर ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे. वन्य प्राण्याला माणसाचा स्पर्श म्हणजे संकट वाटते. त्या भीतीने त्याची उरलीसुरली शक्ती खर्च होते. छायाचित्रासाठी मुलांना त्याच्या पाठीवर बसविण्याचे प्रकार तर कटाक्षाने थांबवावयास हवेत.

जाळ्यात नुकतेच सापडलेले आणि निपचित झालेले कासव मेलेच, असे गृहीत धरू नये. ते पोटावर ठेवून मागील बाजू सुमारे १५ सेंटिमीटर उंच करावी, म्हणजे फुप्फुसांतील पाणी निघण्यास मदत होते. डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हलकेच स्पर्श करून अधूनमधून प्रतिसाद पाहावा. सावलीत व ओलसर ठेवल्यास अशी कासवे कित्येक तासांनंतरही सावध झाल्याचे अनुभव आहेत. जाळ्यात आलेले कासव तरतरीत असेल, तर मात्र इंजिनाचा पंखा थांबवून ते नौकेवरून अलगद पाण्यात सोडावे.

आधी पाणी, मग अन्न

उपाशी जीव दिसला की त्याला खाऊ घालावे, ही माणसाची सहज प्रवृत्ती. परंतु दीर्घकाळ उपाशी असलेल्या शरीराला एकदम दिलेले अन्न घातक ठरते. उपासमारीत आतड्यांची हालचाल मंदावलेली असते. आत गेलेले अन्न पचण्याऐवजी कुजू लागते. शिवाय अचानक पोषण मिळाल्याने रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम यांसारखे क्षार झपाट्याने पेशींत ओढले जातात, रक्तातील त्यांचे प्रमाण घसरते आणि हृदय बंद पडू शकते. प्रदीर्घ उपवासानंतर माणसांच्या बाबतीतही वैद्यक हीच सावधगिरी बाळगते. म्हणून उपचार केंद्रात क्रम पाळला जातो तो असा: प्रथम विश्रांती व योग्य तापमान, नंतर शरीरातील पाण्याची तूट भरून काढणे आणि त्यानंतरच अन्न.

पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे वन विभागाच्या सहकार्याने स्वयंसेवी संस्थेमार्फत समुद्री कासवांचे उपचार केंद्र चालविले जाते. अशा केंद्रात दाखल झालेल्या कासवाचे प्रथम वजन व कवचाची लांबी मोजतात. लांबीच्या मानाने वजन किती कमी आहे, यावरून कृशता ठरते. निर्जलीकरण झालेल्या कासवाला पशुवैद्यक सलाइन टोचतात. काही वेळा त्याला मर्यादित काळ उथळ गोड्या पाण्यात ठेवतात. त्याने कासवाला पाणी मिळते आणि कवचावरील बार्नेकलही सुटू लागतात. हा उपाय देखरेखीखालीच करावयाचा असतो. गावात कोणी करू नये.

शरीर सावरले की अन्नाला आरंभ होतो. कासव आपणहून खात नसेल तर मासळीचे पातळ वाटण नळीने अल्प प्रमाणात दिले जाते. पुढे मासळीचे तुकडे, माकूळ असे खाद्य सुरू करून त्याचे प्रमाण हळूहळू वाढवितात. वजनाच्या एक टक्का या हिशेबाने ३० किलोग्रॅमच्या कासवाला दिवसाला ३०० ग्रॅम मासळी होते. एवढ्यावर पोहोचण्यासही सवड द्यावी लागते. बर्फात फार दिवस साठविलेल्या मासळीत ‘ब १’ जीवनसत्त्व घटलेले असते, म्हणून ते वेगळे पुरविण्यात येते. दर आठवड्याला वजनाची नोंद ठेवली जाते. कासवाच्या शरीराचे व्यवहार मुळातच मंद असल्याने प्रारंभी वजनाचा काटा हलतही नाही. त्यामुळे निराश होऊन खाद्य वाढविणे ही मोठी चूक ठरते.

जखमा भरून येण्याचा काळ

सस्तन प्राण्यांच्या तुलनेने कासवाची जखम फार सावकाश भरते. मृत मांस काढून टाकणे, निर्जंतुक द्रावणाने धुणे आणि मलमपट्टी ही कामे आठवडेच्या आठवडे चालतात. पाय पूर्णपणे सडलेला असल्यास तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. ही गोष्ट ऐकून अनेकांना वाईट वाटते. तथापि एक पाय गमावलेले कासव उरलेल्या तीन पायांवर पोहण्यास शिकते आणि समुद्रात जगू शकते. दोन्ही पुढचे पाय गेल्यास मात्र त्याला समुद्रात सोडणे बहुधा शक्य होत नाही.

काही कासवे पाण्यात तिरकी तरंगतात आणि बुडी मारू शकत नाहीत. आतड्यांत वायू साठणे, फुप्फुसांचा संसर्ग किंवा प्लॅस्टिकने आतडे तुंबणे यांमुळे असे घडते. बुडी मारता न येणाऱ्या कासवाला समुद्रात भक्ष्य मिळत नाही आणि नौकांपासून स्वतःचा बचावही करता येत नाही. म्हणून जखम भरली, तरी तरंगण्याचा दोष जाईपर्यंत त्याला केंद्रात ठेवणे भाग पडते.

परतीचा प्रवास

कासव बरे झाले हे कशावरून ठरवावे? वजन लांबीच्या मानाने समाधानकारक झालेले असावे, जखमा बुजलेल्या असाव्यात, रक्ततपासणी ठीक असावी. कासवाने टाकीच्या तळाशी जाऊन विसावावे, श्वासासाठी सरळ वर यावे आणि भक्ष्याचा पाठलाग करून ते पकडावे. माणसाच्या हातून खाण्याची सवय त्याला लागू देऊ नये. शुश्रूषा करणाऱ्याला प्राण्याचा लळा लागणे स्वाभाविक आहे, पण प्राण्याला माणसाचा लळा लागला तर ती शुश्रूषा फसली असे समजावे. या सर्व कसोट्या उतरण्यास कधी काही आठवडे, तर कधी अनेक महिने लागतात. त्यानंतर खवळलेला समुद्र शांत झाल्याचे पाहून वन विभागाच्या उपस्थितीत कासवाला मुक्त केले जाते. दाखल झालेले प्रत्येक कासव वाचतेच असे नाही. अनेक कासवे इतक्या उशिरा हाती लागतात की उपचारांना वावच उरत नाही. म्हणूनच पहिली वर्दी देणाऱ्या ग्रामस्थाचे महत्त्व वैद्यकाइतकेच आहे.

कायदा आणि साहाय्य

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ऑलिव्ह रिडलेचा समावेश आहे. त्याची शिकार करणे, त्याला पकडणे किंवा इजा पोहोचविणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि, २०२२ च्या सुधारणेनुसार, किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दयाबुद्धीने का होईना, असे कासव घरी किंवा विहिरीत ठेवणे कायद्यास मान्य नाही.

कासव वाचविण्यासाठी जाळे कापावे लागले, तर गरीब मच्छीमाराचे मोठे नुकसान होते. ही अडचण ध्यानी घेऊन महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये नुकसानभरपाईची योजना आणली. संरक्षित सागरी प्राण्याच्या सुटकेसाठी जाळे कापल्यास, छायाचित्र किंवा चित्रफितीचा पुरावा सादर करून २५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तीत तरतूद करण्यात आली. हातातील साध्या मोबाइलवर घेतलेले चित्र यासाठी पुरते. ही माहिती प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेपर्यंत पोहोचविणे आणि अर्ज भरण्यास मदत करणे, हे स्थानिक कार्यकर्त्यांचे काम आहे.

गाव काय करू शकेल?

किनाऱ्यावरील ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी एक बैठक घ्यावी. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे हे काम सोपविता येईल. बंदरावर व मासळीच्या लिलावाच्या जागी मदत क्रमांकाचा फलक लावावा. दोन रुंद फळ्या, स्वच्छ गोणपाट, कात्री, मोजपट्टी आणि जुने टायर एवढे साहित्य एका ठिकाणी ठेवावे. कासव वाहून नेण्यासाठी गावातील एखादा टेम्पो आधीच ठरवून ठेवावा. फाटकी जाळी समुद्रात न टाकता किनाऱ्यावर गोळा करण्याची जागा नेमावी; दुखापतीच्या मुळाशी जाणारा उपाय हाच आहे. मृत कासव आढळले तरी वर्दी द्यावी. मोजमाप व शवचिकित्सा यांतून मृत्यूचे कारण कळते आणि पुढील कासवांच्या उपचारांना दिशा मिळते.

शिक्षकांनी हा विषय वर्गात घ्यावा. किनाऱ्यावर कासव प्रथम पाहतात ती बहुधा मुलेच. ‘हात लावू नये, गर्दी करू नये, पाण्यात लोटू नये आणि लगेच कळवावे’ एवढे जरी मुलांच्या मनावर ठसले, तरी गावाचा निम्मा कार्यभाग साधला.

कासवाच्या कपाळी कुंकू लावणारा हात आणि त्याला लाटेत ढकलणारा हात एकाच श्रद्धेचे आहेत. त्या श्रद्धेला थोड्या माहितीची जोड मिळाली, तर येत्या पावसाळ्यात तेच चार तरुण कासवाला उचलून सावलीत नेतील, त्याच्यावर ओले फडके घालतील आणि गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ शांतपणे बसून राहतील.